पोटावरचा मोर

मी लठ्ठ आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या ऑफिसात हा शब्द कुणाच्या तोंडातून निघत नाही. सर मला ‘हेल्दी’ म्हणतात. पुण्याहून शिकून आलेला माझा सहकारी ‘प्लस’ म्हणतो. शेजारच्या काकू ‘अंगानं भरलीस गं’ म्हणतात आणि पुढं डोळे बारीक करून विचारतात, “काही गोड बातमी?” लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, पोट मात्र आहे. त्यामुळं हा प्रश्न मला रिक्षात, भाजीच्या गाड्यावर आणि एकदा तर दाताच्या दवाखान्यात तोंड उघडं असतानाही विचारला गेलाय. मला बोलता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी स्वतःच अभिनंदन करून टाकलं.

आमचं ऑफिस सात रस्त्याच्या जवळ, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सवाला आणि चहाची टपरी. कुणी विचारलं काय काम करता, तर मी सांगते, आम्ही बायका बनवतो. ऐकणारा दचकतो. मग सांगते, कॉम्प्युटरमध्ये बनवतो. सोलापुरात गाऊन, टॉवेल, शाळेचे गणवेश काढणारे कारखानदार ढिगानं आहेत. सगळ्यांना माल ऑनलाइन विकायचाय आणि फोटोला मॉडेल पाहिजे. खरी मॉडेल आणली तर ती ऊन लागतं म्हणते, बाटलीतलं पाणी मागते आणि कडक भाकरी बघून घाबरते. आमची बाई काही मागत नाही. गाऊन चढवा, उतरवा, वळवा, वाकवा, तोंडातून ब्र काढत नाही. कारखानदारांना अशीच बाई पाहिजे असते.

ही बाईसुद्धा आम्ही घडवलेली नाही, परदेशातून तयार विकत घेतलेली आहे. डोळे घारे, मान लांब, अंगावर चिमूटभर मांस नाही. तिच्याबरोबर स्लायडर येतात. एक दंडाचा, एक कमरेचा, एक पोटाचा. स्क्रीनवर स्लायडर उजवीकडं ओढला की तेवढा भाग फुगतो, ह्याला मॉर्फ करणं म्हणतात. पोटाचा स्लायडर पार शेवटपर्यंत ओढला तरी ती जेमतेम आमच्या करमाळा तालुक्यातल्या कॉलेजच्या पोरीएवढी व्हायची. परदेशात पोट तिथंच संपतं की काय, देव जाणे.

तर एकदा आमच्याकडं गाऊनवाले शेठ आले. त्यांच्या घरात आजोबांचे माग होते, वडिलांनी टॉवेल केले आणि हे गाऊनमध्ये उतरले. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि राग आला की दखनी, असा त्यांचा कारभार. मोरांचं छापकाम असलेला त्यांचा गाऊन लई चालायचा. ते सरांना म्हणाले, “माझं निम्मं गिऱ्हाईक अंगानं दांडगं हाय की ओ. तुमी फोटोत काडी दाखवालाय. बाई काडी बघून गाऊन घेती, घरी घालून बघती आन् मला शिव्या घालती. मोठ्या मापाला मोठी बाई दाखवा.”

असं बोलणारा कारखानदार मी पहिल्यांदाच बघत होते. मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सर म्हणाले, “शुअर, शुअर.” सर प्रत्येक गिऱ्हाइकाला शुअर म्हणतात. शेठ गेल्यावर सरांनी ऑफिसभर नजर फिरवली. नजर माझ्यापाशी आली, लाजून पुढं गेली, भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत जाऊन परत आली. “मॅडम, एक रिक्वेस्ट होती. मोठ्या बाईचे प्रॉपर्शन्स रियल पाहिजेत. तर तुमचं एकंदर हेल्दी व्यक्तिमत्त्व बघता…”

“माझी मापं घेऊ का?” मी विचारलं. सरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

दार लावून मी टेपनं स्वतःची मापं घेतली आणि स्वतःच्या हातानं कॉम्प्युटरला दिली. आमच्या पुणेकरानं स्लायडरच्या मर्यादा काढून टाकल्या. पहिल्यांदा ओढलं तेव्हा बाई इतकी फुगली की गाऊनमधून बेंबी बाहेर आली. मग आम्ही दोघांनी बसून एकेक भाग सारखा केला. तोंड तेच घाऱ्या डोळ्यांचं राहिलं, गळ्याखाली मात्र मी उभी होते. माझेच दंड, माझंच पोट, माझीच मांडी. वर कुणाला दाखवलं नाही, पण आतून मी खूश होते. आजवर माझ्या मापाची बाई नीट कपडे घालून उभी असलेला फोटो मी कुठं बघितलेलाच नव्हता. वजन कमी करण्याच्या जाहिरातीत ‘आधी’ म्हणून एक असते, तेवढीच आमची जागा. आणि तीसुद्धा बिचारी तिथं रडक्या तोंडानं उभी असते.

तिला मोराचा गाऊन चढवला आणि सगळा घोटाळा झाला.

कॉम्प्युटरमधलं कापड हे कापड नसतं. ते चित्र असतं आणि बाईच्या अंगावर बसवलेलं असतं. पोट, पाठ, बाही असे गाऊनचे तुकडे सपाट पसरतात आणि प्रत्येक तुकड्याला चित्रातली ठरलेली जागा देतात. ही वाटणी त्या काडीच्या मापानं झाली होती. पोट फुगवलं, पण पोटाच्या वाट्याचं चित्र तेवढंच राहिलं. मग ते ताणलं. पोटावरचा मोर आडवा पसरून बदक झाला. छातीवरच्याची मान लांबून तो बगळा झाला आणि दंडावरचा काय झाला ते सांगता येत नाही, त्याला पिसं होती एवढंच. पाठीवरचे मोर मात्र झकास, कारण पाठीला कुणी हात लावला नव्हता.

सरांनी बघितलं आणि तोंड फिरवलं. “शेठ गुरुवारी बघायला येणार. तोपर्यंत हे नीट झालं तर ठीक. नाहीतर बारीक बाईच ठेवू आणि खाली मोठं माप लिहू. सगळे तेच करतात.”

म्हणजे मी बाद. आत्ता कुठं फोटोत आले होते, तर एका मोरापायी बाहेर.

आमचा पुणेकर हुशार आहे, यात वाद नाही. मूळचा तो अकलूजचा, पण पुण्यात शिकल्यापासून तो अकलूजचा आहे हे आम्ही विसरावं अशी त्याची अपेक्षा असते. त्यानं भराभर उपाय सुचवले. मोर बारीक करू, म्हणजे ताणलेले कळणार नाहीत. पोटासमोर पर्स देऊ. ओढणी सोडू. गाऊनचा रंगच गडद करू, गडद रंगात बारीक दिसतं. नाहीतर मोर काढून उभ्या रेघा घेऊ, उभ्या रेघांनी उंच वाटतं.

मी म्हटलं, “अरे, तू कोर्स कुठं केलास? माझ्या मावश्यांकडं?” त्यातला प्रत्येक उपाय मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. पदर पुढं घे, पर्स पोटासमोर धर, काळं घाल, आडव्या रेघा नकोत. एवढी मोठी यंत्रं आली, पण सल्ला तोच. ताणलेलं झाकायचं. ते ताणलं कशामुळं, ते कुणी विचारायचं नाही.

मध्येच आईचे डोळे दाखवायचा दिवस आला म्हणून मी रजा टाकून माहेरी जेऊरला गेले. आईसुद्धा माझ्याच मापाची. दवाखान्यातून दोघी घरी आलो, मी चहा टाकून बघते तर ती पलंगावर बसून, नवा गाऊन उलटा करून ब्लेडनं बाजूची शिवण उसवत होती. गाऊन कुणी तरी फोटो बघून आणून दिला होता आणि तो काखेत रुतत होता.

“डोळ्यात औषध घातलंय ना? ठेव ते ब्लेड,” मी म्हटलं.

“हाताला दिसतंय मला,” आई म्हणाली. “लई घट्ट बसलाय गं. म्हनलं उसवून सैल करावा, तर ह्यात मायाच न्हाय. काठाला लागून शिवलाय मेल्यांनी.”

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड म्हणजे माया. माझं लहानपण या मायेवर गेलं. जेऊरच्या शिंप्याला आई दरवर्षी बजावायची, “वाढतं अंग हाय पोरीचं, माया ठेवा.” मग दिवाळीनंतर शिवण उसवायची आणि गणवेश सैल व्हायचा. आत दुमडलेल्या कापडाला ऊनपाणी लागलेलं नसायचं, त्यामुळं फिक्या निळ्या झग्याला दोन्ही बाजूंनी गडद निळी पट्टी दिसायची. वर्गातल्या पोरी पट्टीवरून चिडवायच्या. शाळेच्या फोटोत मी कडेला उभी आहे, पट्टी झाकायला हात घट्ट अंगाला लावून. मला त्या पट्टीची लाज वाटायची. आईला वाटायची नाही. पोर वाढणार आणि कापडानं तिला जागा द्यायची, यात लाजायचं काय, असं तिचं सरळ गणित होतं.

मी सोलापूरला परत आले, स्क्रीन लावली आणि जागेवरच खिळले. माझी बाई बदलली होती. मान एका बाजूला कललेली, ओठांवर हसू, डोळे खाली झुकलेले. आणि दोन्ही हात पोटावर, एक वर, एक खाली, पोट अलगद धरल्यासारखे. मोर तसाच ताणलेला, फक्त निम्मा हातांखाली झाकलेला.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“शेठजींचा फीडबॅक,” पुणेकर म्हणाला. त्यानं सरांचा मेसेज दाखवला. सरांनी आधीचा फोटो शेठना पाठवला होता, तो बघून शेठनी फोन करून सरांना जे सांगितलं ते सरांनी जसंच्या तसं लिहून पाठवलं होतं: ‘पोटावर माया न्हाय म्हणून मोर ताणालाय. पोटावर माया ठेवा.’

“मग मी ठेवली,” तो म्हणाला. “चेहऱ्यावर पण ठेवली थोडी.”

मला हसावं की त्याच्या डोक्यात कीबोर्ड घालावा तेच कळेना. ज्या गावात निम्मी घरं शिवणकामावर चालतात तिथं बसून ह्यानं मायेचा असा अर्थ लावला. मी समजावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. “आयला,” तो म्हणाला, आणि त्या एका शब्दात अख्खं अकलूज परत आलं.

पण तोपर्यंत उशीर झाला होता. सरांना ती बाई भयंकर आवडली होती. सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. “काय ब्युटिफुल एक्सप्रेशन आलंय,” ते म्हणाले. “मी काय विचार केला, आपण हिला डायरेक्ट मॅटर्निटीच करू. वेगळी कॅटेगरी. मोर ताणलेला असला तरी चालतो, पोट आहे म्हटल्यावर ताणणारच. आणि बघणाऱ्याला पण बरं वाटतं. नुसतीच हेल्दी बाई दाखवली की लोकांना प्रश्न पडतो.”

“कसला प्रश्न?” मी विचारलं.

“म्हणजे… का बरं, असा.”

ते पोट माझं होतं. सरांना माहीत होतं, कारण मापं मीच दिली होती. आणि घरी मूल नाही हेही माहीत होतं, कारण वर्षातून एकदा सरांच्या मिसेस मला कुठल्या कुठल्या डॉक्टरांचे नंबर पाठवतात. गावभर लोक माझ्या पोटाकडं बघून जे विचारतात ते आता सर छापून विकणार होते. मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन मी रडले, मनसोक्त रडले, मग तोंड धुतलं आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसले. सर अजून बोलतच होते. मी गेल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

मी काही ऐकत नव्हते. रागानं मी सरांच्या पोटाकडं बघत होते. सरांचं पोट माझ्याहून काही कमी नाही. पण माझ्या पोटाला प्रश्न असतो, त्यांच्या पोटाला ‘बसून काम’ म्हणतात. त्यांनी चौकड्याचा शर्ट घातला होता. बटणं ताणली होती, दोन बटणांच्या मधून बनियन डोकावत होतं. पण चौकड्या मात्र खिशावर जेवढ्या तेवढ्याच पोटावर. एकही पसरलेली नव्हती. बदक नाही, बगळा नाही, चौकोन तो चौकोन.

मी आणखी पुढं वाकून बघितलं. सर बोलायचे थांबले. त्यांनी समोरची फाइल उचलली आणि पोटासमोर धरली.

खऱ्या शर्टात चौकड्या मोठ्या होत नाहीत, जास्त होतात. एवढी साधी गोष्ट. दांडग्या माणसाला शिंपी तेच कापड ताणून घालत नाही, जास्त कापड घेतो. माझ्या गाऊनवर मोर मोठा असायचं काही कारण नाही. माझ्या वाट्याला मोर जास्त यायला पाहिजेत. आम्ही काडीच्या मापानं कापलेला गाऊन माझ्या अंगावर ओढत होतो, त्यात माया नव्हती आणि मग पोटाला नावं ठेवत होतो. शेठ फोनवर तेच सांगत होते. आई ब्लेड हातात घेऊन तेच सांगत होती. मला ते सरांचं पोट बघून कळलं, हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही.

“सर,” मी उठत म्हटलं, “गुरुवारपर्यंत मला वेळ दिलाय ना तुम्ही? मग गुरुवारीच बोलू.”

मी आणि पुणेकर कामाला लागलो. जुनी कापणी मोडली. आधी बारीक बाईवर तुकडे पाडून ते जाडीवर ताणले होते, आता बाई आधी माझ्याएवढी केली आणि मग गाऊनचे तुकडे पाडले. पोटाच्या तुकड्याला चित्रात ऐसपैस जागा दिली. कॉम्प्युटरमधलं अंग चौकोनांच्या जाळीचं असतं, ती जाळी कुशीत, काखेत, दंडाला बारीक केली, म्हणजे अंग वळतं तिथं चित्र वळेल. मग प्रश्न आला बारीक बाईचा. तिला हीच कापणी घातली तर तिच्या अंगावर मोर आवळून चिमण्या होत होत्या. पुणेकर म्हणाला, एकच कापणी सगळ्यांना कशी बसेल? मी म्हटलं, शिंपी तरी कुठं एकाच कापणीत सगळं गाव शिवतो? मग प्रत्येक मापाला वेगळी कापणी केली आणि स्लायडर सरकेल तशी कापणी बदलत जाईल असं बसवलं. हे अवघड काम त्यानं केलं, श्रेय त्याचं आहे. पोटाचा स्लायडर हळूहळू उजवीकडं ओढला. पोट वाढलं आणि मोर ताणला नाही. कुशीच्या शिवणीतून नवीन मोर पुढं आला.

“आयला, बसला की,” पुणेकर म्हणाला. त्या दिवसापासून तो माझ्याशी अकलूजचं बोलतो.

राहिलं ते उभं राहणं. मी तिचे हात पोटावरून काढले आणि सहज सोडले. मान सरळ केली, डोळे वर आणले. एक पाय जरा पुढं टाकला, का ते माहीत नाही, तसं बरं दिसलं म्हणून.

गुरुवारी शेठ आले ते बायकोला घेऊन. मोठ्या जरीकाठाची साडी नेसलेल्या, माझ्याच मापाच्या बाई. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी खुर्चीचे हात दाबून बघितले. मीसुद्धा नव्या जागी तसंच करते, त्यामुळं मला त्या लगेच आवडल्या. सरांनी माझं काहीही न बघता आपली मॅटर्निटीवाली बाई मोठ्या स्क्रीनवर लावली आणि मागं बासरी सोडली.

बाईंनी बराच वेळ बघितलं. “ही पोटुशी हाय का?”

“येस मॅडम. मॅटर्निटी कलेक्शन. मोठ्या मापात आपण…”

“पण हा गाऊन मी रोज घालते की,” त्या म्हणाल्या. “माझी पोरं कॉलेजात हायत.”

बासरी चालूच होती. सर रिमोट शोधायला लागले.

शेठ म्हणाले, “मी माया ठेवा म्हणालो होतो ओ. कापडातली. तुमी तिला गरोदर का केलाव?”

सर म्हणाले, “तोच अँगल होता शेठ, थोडा इमोशनल…” आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. बुडताना बघतात तसं. मी माझी स्क्रीन फिरवली.

शेठ खुर्चीवरून उठून जवळ आले. कापडवाला माणूस, त्यानं बाईकडं बघितलंच नाही, आधी मोराकडं बघितलं. पोटावरचा, मग कुशीतला, मग दंडावरचा. मी स्लायडर डावीकडं नेला, उजवीकडं आणला. मोर येत होते, जात होते, पण कुणाची मान लांबली नाही.

“हिला कापड जास्त लागणार,” शेठ म्हणाले.

“लागतंच की,” मी म्हटलं.

“लागू दे,” त्यांच्या बायको म्हणाल्या. त्या कधी येऊन मागं उभ्या राहिल्या ते मला कळलं नव्हतं. त्या मोराकडं बघत नव्हत्या, बाईकडं बघत होत्या. “ही कोण हाय?”

“ही आपली हेल्दी…” सरांनी सुरुवात केली.

“मी,” मी म्हटलं. “तोंड विकतचं आहे. बाकी सगळी मी.”

त्यांनी एकदा स्क्रीनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. हसल्या नाहीत. “आपलं माप असंच दिसतं व्हय,” त्या म्हणाल्या. “बरं दिसतं की. मला कुणी कधी दाखवलंच न्हाय.” मग नवऱ्याला तेलुगूत काही तरी बोलल्या आणि शेठनी मान हलवली. सरांना म्हणाले, “हीच ठेवा. आन् नाव हेल्दी-बिल्दी नको. मोठं माप लिहा, सरळ.”

ते गेल्यावर सर मला म्हणाले, “बघा, मी म्हणालो होतो की नाही, रियल प्रॉपर्शन्स पाहिजेत.” एवढं तरी त्यांना ठेवू दिलं.

फोटो तयार झाले तेव्हा एक मी आईला पाठवला. काही लिहिलं नाही, फक्त गाऊन कसा आहे ते सांग, एवढंच. माझं माप त्यात आहे हे तिला माहीत नव्हतं. संध्याकाळी तिचा फोन आला.

“मोर चांगले हायत गं,” ती म्हणाली. “सरळ बसल्यात. पन हे तोंड कुनाचं लावलंय?”

“विकतचं आहे ते, आई. परदेशातलं.”

“व्हय, घारे डोळे हायत. मला वाटलंच.” मग म्हणाली, “तोंड कुनाचं बी असंना, उभी तूच हायस.”

मी फोन कानाला लावून जागेवरून उठले आणि बाहेर आले.

“एक पाय पुढं टाकून उभी हायस. शाळेच्या फोटुत बी तसाच पाय हाय तुझा. तवा हात कसे अंगाला चिकटवून धरले व्हतेस, म्हनलं ही पोरगी कशाला एवढी आवळून घेतीय. आता सोडल्यात, बरं केलंस.”

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. माणसं वरखाली करत होती आणि मी रडत होते. लाज वाटली नाही.

“गप का गं? ऐकू येतंय का?”

“येतंय.”

“गाऊनात माया ठेवलीय का त्यांनी? का नुसतं फोटुत?”

“ठेवलीय, आई. मी सांगितलंय शेठना.”

“मग मला एक पाठव त्यातला,” आई म्हणाली. “तुझ्याच मापाचा.”